ब्रँडन छिल्लर : सात हंगाम, एक अंगठी आणि अठ्ठाविसाव्या वर्षी थांबलेली कारकीर्द

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. वडील भारतीय असलेला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) ब्रँडन छिल्लर याला ग्रीन बे पॅकर्स या संघाने डिसेंबर 2009 मध्ये चार वर्षांचा मोठा करार दिला, आणि तरीही 2011 च्या जुलैअखेर तो संघाबाहेर होता व त्यानंतर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, पुन्हा खेळला नाही, हे कसे घडले? त्याची कारकीर्द अपयशी म्हणावी का? आणि ‘एनएफएलमधील भारतीय वंशाचा पहिला खेळाडू’ अशी त्याची ओळख करून दिली जाते, ती बरोबर आहे का? मी बरीच वर्षे लाइनबॅकरना शिकवण्याचे काम केले आहे आणि छिल्लरचा खेळ त्याच नजरेने पाहत आलो आहे. माझ्या मते ही कारकीर्द चांगलीच यशस्वी होती. ती संपली ती एका जायबंदी खांद्यामुळे, संघातील त्याच्या कामाचे स्वरूप बदलल्यामुळे आणि त्या काळातील करारांच्या नियमांमुळे. या तिन्ही गोष्टी 2010 च्या हंगामापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकदमच त्याच्या वाट्याला आल्या.

आधी तो या व्यवसायात कोणत्या पायरीवरून आला ते पाहू. छिल्लरचा जन्म 21 ऑक्टोबर 1982 चा. दक्षिण कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅडच्या शाळेतून तो यूसीएलए विद्यापीठात गेला आणि 2003 पर्यंत तेथे खेळला. एप्रिल 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या प्रक्रियेत, सेंट लुइस रॅम्सने त्याला चौथ्या फेरीत, एकूण 130 व्या क्रमांकावर निवडले. त्या वर्षी सात फेऱ्यांत 255 खेळाडूंची निवड झाली होती, म्हणजे तो यादीच्या जवळजवळ मध्यावर होता. पहिल्या फेरीतील खेळाडूवर संघाने इतका पैसा आणि इतकी प्रतिष्ठा लावलेली असते की त्याला दोन-तीन वाईट हंगाम माफ होतात. चौथ्या फेरीतील लाइनबॅकरला ही सवलत मिळत नाही. त्याच्याकडून पहिल्या वर्षी अपेक्षा असते ती किकऑफ आणि पंटच्या, म्हणजे चेंडू पायाने मारला जाण्याच्या, वेळी मैदानभर धावण्याची, म्हणजेच स्पेशल टीम्सच्या कामाची. ते काम नीट झाले तर त्रेपन्न जणांच्या यादीत जागा टिकते, नाही तर पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच फेरीतून आलेला नवा मुलगा ती घेतो.

छिल्लर टिकला. 2004 चा रॅम्स संघ माइक मार्ट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली 8 विजय आणि 8 पराभवांसह प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) गेला, सिअॅटलला 27–20 असे हरवून पुढे गेला आणि अटलांटाकडून 47–17 असा हरला. यानंतर संघाची घसरण सुरू झाली. 2005 मध्ये सहा विजय, 2006 मध्ये स्कॉट लिनेहान यांच्या पहिल्या वर्षी आठ आणि 2007 मध्ये फक्त तीन. या घसरणीच्या काळात छिल्लर मात्र राखीव खेळाडूंतून नियमित अकरांत पोहोचला. 2006 आणि 2007 मध्ये बचावाचे समन्वयक जिम हॅस्लेट होते आणि छिल्लर त्यांच्या आखणीत बाहेरच्या बाजूचा लाइनबॅकर म्हणून खेळत असे. हरणाऱ्या संघातील चांगल्या लाइनबॅकरकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही, पण इतर संघांचे परीक्षक अशा खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने पाहतात, कारण पिछाडीवर असलेल्या संघाचा बचाव जास्त वेळ मैदानावर असतो आणि दमलेला खेळाडू कसा खेळतो हे तेथे स्पष्ट दिसते.

त्या चित्रफितींत पॅकर्सना काय दिसले असावे, याबद्दल माझे मत सांगतो. लाइनबॅकरचे काम ढोबळपणे दोन प्रकारचे असते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखायचे असेल तर त्याला समोरच्या गार्डच्या (आक्रमणाच्या पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूच्या) पहिल्या पावलावरून दिशा ओळखावी लागते, अंगावर येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला हातांच्या जोराने थोपवून बाजूला करावे लागते आणि मग टॅकल करावा लागतो, म्हणजे चेंडू घेतलेल्याला पाडावे लागते. फेक रोखायची असेल तर मागे सरकत किंवा पाठ वळवून धावत टाइट एंड (अडवणे आणि फेक झेलणे अशी दोन्ही कामे करणारा आक्रमक खेळाडू) अथवा रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) सोबत करावी लागते. पहिले काम चांगले करणारे लाइनबॅकर पुष्कळ मिळतात. दोन्ही कामे करू शकणारे कमी असतात, आणि त्यातही टाइट एंडबरोबर मैदानाच्या खोल भागापर्यंत धावू शकणारे त्याहून कमी. छिल्लरचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या कामात होते. त्याची कमर लवकर वळत असे, मागे धावताना त्याची पावले एकमेकांत अडकत नसत, आणि चेंडू हवेत असताना तो खेळाडूच्या शरीराला न खेटता त्याच्या हातांकडे पाहत असे. ही शेवटची सवय शिकवायला सर्वांत अवघड असते, असा माझा अनुभव आहे.

मार्च 2008 मध्ये रॅम्सबरोबरचा पहिला करार संपल्यावर तो फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा खेळाडू, म्हणून ग्रीन बेला आला. तेथे निक बार्नेट, ए. जे. हॉक आणि ब्रॅडी पॉपिंगा हे तीन लाइनबॅकर आधीच होते, आणि हॉक तर 2006 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला होता. त्यामुळे छिल्लरला घेताना संघाच्या डोळ्यांसमोर निकेलची जागा असणार, असे मी मानतो. निकेल म्हणजे प्रतिस्पर्ध्याने तीन रिसीव्हर (फेक झेलणारे खेळाडू) मैदानात आणले की एक लाइनबॅकर बाहेर काढून मागच्या फळीतला पाचवा बचावपटू आत घेण्याची रचना. अशा वेळी आत राहणाऱ्या दोन लाइनबॅकरना फेकीविरुद्ध टिकावेच लागते. 2008 मध्ये पॅकर्सचे फक्त सहा विजय झाले आणि जानेवारी 2009 मध्ये डॉम केपर्स बचावाचे समन्वयक म्हणून आले. त्यांनी चार लाइनमन (बचावाच्या सर्वांत पुढच्या फळीतले खेळाडू) आणि तीन लाइनबॅकरांची जुनी रचना बदलून तीन लाइनमन आणि चार लाइनबॅकरांची आणली. छिल्लर बाहेरून आत सरकला. बाहेरच्या लाइनबॅकरसमोर बहुधा टाइट एंड असतो. आतल्या लाइनबॅकरवर गार्ड थेट चालून येतो, कारण गार्डला अडवायला पुढे एक लाइनमन कमी असतो. ही अदलाबदल कागदावर एका रेघेची दिसत असली तरी खांद्यांवर पडणारा भार ती पार बदलून टाकते.

2009 चा हंगाम हा त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत रंगतदार काळ आहे आणि आपण त्याच्याविषयी लिहिणार असाल तर सर्वाधिक वेळ याच हंगामावर द्यावा, असे मी सुचवीन. त्या वर्षी पॅकर्स 11 विजयांसह प्लेऑफमध्ये गेले आणि धावेविरुद्धच्या बचावात संपूर्ण लीगमध्ये पहिले आले. फेकीच्या परिस्थितीत हॉकच्या जागी छिल्लर आत येत असे, आणि काही आखण्यांत तर तो जवळजवळ सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूच्या, जागी उभा राहिलेला दिसतो. त्यांच्याच विभागात शिकागोचा ग्रेग ऑल्सन, मिनेसोटाचा विसांथे शँको आणि डेट्रॉइटचा नवखा ब्रँडन पेटिग्रू असे तीन टाइट एंड होते, आणि प्रत्येकाशी वर्षातून दोनदा गाठ पडत असे. एकट्या शँकोने त्या हंगामात 11 टचडाऊन केले होते. विभागातले सहा सामने अशा खेळाडूंविरुद्ध खेळायचे असतील तर त्यांच्याबरोबर धावू शकणारा लाइनबॅकर ही चैन राहत नाही.

यूसीएलएमध्ये छिल्लरबरोबर लाइनबॅकर म्हणून खेळलेला स्पेन्सर हॅव्हनर याच पॅकर्स संघात होता आणि 2009 मध्ये त्याला चक्क टाइट एंड म्हणून खेळवण्यात आले. त्याने चार टचडाऊनही केले. दोघांच्या शरीराची ठेवण ज्या प्रकारची होती, ती पाहिली की टाइट एंडला रोखण्यासाठी छिल्लरच का लागत असे, हे लगेच उमगते.

तरीही त्या बचावाची दुखरी बाजू फेकीचीच होती. 20 डिसेंबर 2009 रोजी पिट्सबर्गच्या बेन रॉथलिसबर्गरने त्यांच्याविरुद्ध 503 यार्डांच्या फेकी केल्या आणि पॅकर्स शेवटच्या क्षणी 37–36 असे हरले. पुढे 10 जानेवारी 2010 रोजी अॅरिझोनाविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात कर्ट वॉर्नरने 33 पैकी 29 फेकी पूर्ण करून पाच टचडाऊन दिले आणि पॅकर्सचा 51–45 असा पराभव झाला. छिल्लरबरोबरचा नवा करार याच डिसेंबरात झाला: 2013 पर्यंतचा, चार वर्षांचा, आणि तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यानुसार सुमारे सव्वादोन कोटी डॉलरचा. अशा बचावाला फेकीविरुद्धचा आपला लाइनबॅकर हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

येथे नियमांची एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. 2010 हे वर्ष जुन्या सामूहिक करारातील शेवटचे वर्ष होते आणि त्या वर्षी संघांच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादाच नव्हती. त्याच्या बदल्यात खेळाडूंवर एक बंधन आले: एरवी चार हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला करार संपल्यावर पूर्ण मोकळीक मिळत असे, त्या वर्षापुरती ही अट सहा हंगामांची झाली. छिल्लरचे 2004 ते 2009 असे बरोबर सहा हंगाम होत होते. म्हणजे त्याच्यानंतर आलेले अनेक खेळाडू अडकून पडले असताना त्याला मार्च 2010 मध्ये कोणत्याही संघाकडे जाता आले असते. पॅकर्सनी हंगाम संपण्याची वाट न पाहता करार केला, त्यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते. शिवाय कमाल मर्यादा नसलेल्या वर्षात पैसा आधी देऊन टाकणे संघाला सोयीचे होते, कारण त्याचा बोजा पुढच्या वर्षांच्या हिशेबावर येत नसे.

पण अमेरिकी फुटबॉलमधील चार वर्षांचा करार म्हणजे चार वर्षांची नोकरी नव्हे, हे आपल्या वाचकांना ठळकपणे सांगायला हवे. बेसबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये ठरलेला पैसा बहुतांशी मिळतोच. एनएफएलमध्ये सही करताना मिळणारा बोनस आणि हमी दिलेली रक्कम तेवढी खेळाडूची पक्की असते; पुढच्या वर्षांचे मूळ वेतन त्या त्या वर्षी संघाने खेळाडूला ठेवले तरच मिळते. म्हणून सव्वादोन कोटींचा आकडा वाचून कोणी तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली असे समजू नये, आणि करार मोडून पॅकर्सनी काही अन्याय केला असेही समजू नये. दोन्ही पक्षांना हे माहीत असते.

मग आला 2010 चा हंगाम. सरावाच्या काळापासून मांडीमागचा स्नायू आणि खांदा यांनी त्याला सतावले, आणि हंगामाच्या मध्यावर खांद्याच्या दुखापतीमुळे त्याला इंज्युर्ड रिझर्व्हवर (जखमी खेळाडूंच्या यादीत) टाकण्यात आले. त्या काळच्या नियमानुसार या यादीत गेलेल्या खेळाडूला त्याच हंगामात परत येता येत नसे. परतीची मर्यादित सवलत 2012 मध्ये आली. म्हणजे नोव्हेंबरात दुखावलेला खेळाडू फेब्रुवारीत बरा झाला असता तरी त्याला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळता आला नसता.

या दोन दुखापतींनी त्याच्या प्रकारच्या खेळाडूचे काय होते, ते जरा सविस्तर सांगतो. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंचा एक पट्टा धरून ठेवतो. लाइनबॅकर टाइट एंडला सुरुवातीच्या रेषेवर हाताने धक्का देतो, गार्डला कोपर सरळ ठेवून लांब ठेवतो, आणि बाजूने निसटणाऱ्या धावपटूला हात लांबवून पकडतो. या तिन्ही कृतींत हात शरीरापासून दूर असताना त्यावर अचानक ताण येतो आणि तो थेट त्या पट्ट्यावर पडतो. खांदा दुखरा असलेला खेळाडू नकळत हात आखडतो. हात आखडला की गार्ड छातीला येऊन भिडतो, आणि टाइट एंडला पहिल्याच पावलावर मोकळीक मिळते. धावेविरुद्धच्या कामात धिप्पाड लाइनबॅकर वजनाच्या जोरावर ही उणीव थोडीफार झाकू शकतो. ज्याचा खेळ हातांच्या वेळेवर आणि पायांच्या वेगावर उभा आहे, त्याला ती झाकता येत नाही. त्यात मांडीमागचा स्नायू कुरकुरत असेल तर पूर्ण वेगात धावून एकदम थांबणे आणि वळणे, ही त्याची दुसरी मुख्य शक्तीही जाते. छिल्लरच्या दोन दुखापतींनी नेमके त्याच दोन गोष्टींवर बोट ठेवले ज्यांच्यासाठी त्याला पैसे मिळत होते.

दरम्यान संघ त्याच्याविना पुढे गेला. निक बार्नेटही त्याच हंगामात मनगटाच्या दुखापतीने बाहेर गेला होता आणि 2007 मध्ये सहाव्या फेरीत निवडलेला डेस्मंड बिशप नियमित खेळू लागला होता. चार्ल्स वुडसन हा मूळचा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) आत, रेषेजवळ खेळून टाइट एंड आणि आतल्या रिसीव्हरांची जबाबदारी घेऊ लागला, आणि केपर्स लाइनबॅकर कमी करून बचावपटू वाढवण्याच्या आखण्या जास्त वापरू लागले. छिल्लरची विशेष जागा अशी हळूहळू दुसऱ्यांत वाटली गेली. 6 फेब्रुवारी 2011 रोजी टेक्ससमधील आर्लिंग्टनला सुपर बोलमध्ये पॅकर्सनी पिट्सबर्गला 31–25 असे हरवले, तेव्हा पिट्सबर्गच्या मेंडनहॉलच्या हातून निसटलेला चेंडू उचलणारा बिशपच होता.

त्या सामन्याआधीचा एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. संघाचे अधिकृत छायाचित्र घेण्याचा दिवस असा ठरला होता की जखमी खेळाडू तोपर्यंत टेक्ससला पोहोचणार नव्हते. बार्नेट आणि जर्माइकल फिनली यांनी याबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली, आणि संघाने तो दिवस पुढे ढकलून जखमी खेळाडूंनाही छायाचित्रात घेतले. या हंगामात इंज्युर्ड रिझर्व्हवर एकूण पंधरा खेळाडू गेले होते. इतक्या जणांनी अर्धा-पाऊण हंगाम खेळून दिलेले विजय नसते तर सहाव्या मानांकनाने, जेमतेम प्लेऑफ गाठणारा तो संघ आर्लिंग्टनपर्यंत पोहोचलाच नसता. सुपर बोल जिंकणाऱ्या संघाच्या खेळाडूंना मिळते ती छिल्लरची अंगठी ही दयेने दिलेली भेट नाही. ती मिळण्याचा त्याचा हक्क होता, असे मी ठामपणे मानतो.

पुढचे गणित निष्ठुर पण सरळ होते. जानेवारी 2011 मध्ये बिशपचा करार वाढवला गेला. मार्चच्या सुरुवातीला हॉकला मोकळे करून लगेच नव्या पाच वर्षांच्या करारावर परत घेतले गेले. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत डी. जे. स्मिथ हा आतला लाइनबॅकर अगदी कमी पैशांत मिळाला. मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे 12 मार्चपासून 25 जुलैपर्यंत टाळेबंदी होती, आणि त्या काळात खेळाडूंना संघाच्या डॉक्टरांशी किंवा प्रशिक्षकांशी संपर्क ठेवण्याची मुभा नव्हती. खांद्यातून सावरणाऱ्या खेळाडूसाठी हा काळ फार वाईट, कारण त्याची प्रगती संघातील कोणाच्याही नजरेसमोर होत नाही. टाळेबंदी उठली तेव्हा पगारखर्चाची कमाल मर्यादा 12 कोटी 3 लाख 75 हजार डॉलर अशी परत आली होती आणि संघांना काही दिवसांत हिशेब जुळवायचा होता. पॅकर्सनी त्या दिवसांत छिल्लरला सोडले, बार्नेटलाही सोडले. आतल्या दोन जागा भरल्या होत्या, तिसरा स्वस्तात मिळाला होता, आणि अठ्ठावीस वर्षांच्या, खांदा दुखावलेल्या चौथ्या माणसाला मोठे वेतन देण्याचे कारण उरले नव्हते.

त्याची कारकीर्द अपयशी म्हणायची का, याचे उत्तर आकड्यांतून द्यायचे झाले तर खेळाडूंच्या संघटनेचा नेहमी उद्धृत होणारा आकडा घ्यावा: एनएफएलमधील सरासरी कारकीर्द सुमारे 3.3 वर्षांची. लीग यावर आक्षेप घेते आणि पहिल्याच वर्षी हंगामाच्या सुरुवातीच्या यादीत स्थान मिळवलेल्यांची सरासरी सुमारे सहा वर्षे भरते असे म्हणते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण पहिल्यात केवळ काही आठवडे टिकलेली मुलेही मोजली जातात. छिल्लरचे सात हंगाम दोन्ही मापांनी सरासरीच्या वरचे आहेत. त्यात त्याने दोन संघ, बचावाच्या दोन वेगवेगळ्या रचना आणि लाइनबॅकरच्या निरनिराळ्या जागा पाहिल्या, आणि त्याला दुसरा व तिसरा करार मिळाला. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या बहुसंख्य खेळाडूंच्या वाट्याला तिसरा करार कधीच येत नाही.

आता भारतीय वंशाच्या मुद्द्याकडे. ‘पहिला’ हे विशेषण मी वापरणार नाही. त्याच्या आधी बॉबी सिंग हा फिजीत जन्मलेला, भारतीय वंशाचा गार्ड 1999 च्या हंगामात सुपर बोल जिंकणाऱ्या रॅम्सच्या संघात होता. छिल्लरचे वेगळेपण असे की तो अनेक हंगाम नियमितपणे मैदानावर खेळला. वडिलांकडून आलेला वारसा त्याने लपवला नाही, आणि 2011 मध्ये भारतात हा खेळ रुजवण्यासाठी एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली तेव्हा तिच्या पाठीराख्यांत माइक डिट्का, मायकेल अर्विन आणि कर्ट वॉर्नर यांच्याबरोबर त्याचेही नाव होते. ज्या वॉर्नरने 2010 च्या जानेवारीत पॅकर्सचा बचाव उलगडून ठेवला होता, त्याच्याच शेजारी छिल्लर उभा राहिला, याचे मला विशेष वाटते. या लीगमध्ये मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज असे महाराष्ट्रातील दोन संघ होते. पहिल्या हंगामाचे सामने 2012 मध्ये कोलंबोत खेळवले गेले आणि पुणे मराठाजने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सला हरवले. रग्बी, कबड्डी, कुस्ती अशा खेळांतून आलेल्या त्या मुलांना काही आठवड्यांत टॅकल आणि ब्लॉक शिकवणे किती कठीण गेले असेल याची मला कल्पना आहे. पुढे लीगने मूळ धरले नाही, पण मराठी वाचकांसाठी छिल्लरच्या गोष्टीचा खरा धागा येथेच जुळतो आणि आपल्या लेखात त्याला जागा मिळावी.

चित्रफिती पाहताना टॅकलची संख्या मोजत बसू नका, ही एक विनंती. 2009 मधील मिनेसोटा आणि शिकागोविरुद्धचे सामने काढा, तिसऱ्या डाऊनचे (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतील तिसऱ्याचे) प्रसंग निवडा आणि चेंडूकडे न पाहता फक्त आतल्या दोन लाइनबॅकरकडे पाहा. टाइट एंड धावायला निघाल्यावर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) त्याच्याकडे एकदा पाहून नजर दुसरीकडे वळवतो का, आणि वळवली तर त्या टाइट एंडच्या खांद्याशी कोण आहे, हे टिपून घ्या. असे प्रसंग कोणत्याही आकडेवारीत नोंदले जात नाहीत, कारण तेथे चेंडू आलाच नाही.